पागेकाका स्वतःचा स्पॉट टाकत नाहीत

आमच्या छंदात बोलणं पाच सेकंदांचं आणि वाट बघणं तासभराचं. त्या तासभरात माणसं काय करणार? चहा पितात, शेव खातात आणि एकमेकांच्या फजित्या सांगतात. हॅम रेडिओच्या स्पर्धांमध्ये वर्षाकाठी आमचे जेवढे संपर्क होत नसतील, तेवढे किस्से होतात. संपर्क लॉगमध्ये लिहून ठेवावे लागतात. किस्से आपोआप पाठ होतात!

मी पेशाने दातांचा डॉक्टर. माझ्यासमोर बसलेल्याचं तोंड उघडं असतं आणि त्याला मधे बोलता येत नाही, त्यामुळे यातले बरेच किस्से इंदूरच्या अर्ध्याअधिक दाढांना ठाऊक आहेत. आता बाकीच्यांसाठी सांगतो.

हॅम म्हणजे सरकारी परीक्षा देऊन लायसन्स घेतलेले हौशी रेडिओवाले. घरात सेट, गच्चीवर अँटेना. स्पर्धा बहुधा शनिवार-रविवारी असते. जगभरचे हॅम एकाच वेळी हाका मारत सुटतात. जास्तीत जास्त लोकांशी आणि जास्तीत जास्त देशांशी संपर्क करायचा, एवढंच. एकमेकांचा कॉलसाइन, म्हणजे सरकारने दिलेलं रेडिओवरचं नाव, आणि एखादा नंबर सांगितला की झालं. चला, पुढचा!

आणि एक यादी असते. इंटरनेटवर, सगळ्यांना दिसणारी. तुम्हाला एखादं स्टेशन ऐकू आलं की तिथे लिहायचं, अमका अमक्या फ्रिक्वेन्सीवर आहे. याला म्हणतात स्पॉट टाकणं. यादीत नाव आलं की त्या फ्रिक्वेन्सीवर जत्रा भरते. नाही आलं, तर बसा दिवसभर ओरडत. मग कोणाच्याही मनात येतंच, की आपणच आपलं नाव टाकून द्यावं, कोणाला कळतंय! पूर्वी जवळजवळ सगळ्या स्पर्धांत याला बंदी होती. आता काही स्पर्धांनी ती उठवली आहे. आमच्या क्लबातले सगळे वाद इथूनच सुरू होतात.

* * *

सोनी भियाचं, म्हणजे इंदुरी बोलीतल्या सोनी भैयाचं, इथल्या छावणी भागात मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. पंखा, पंप, मिक्सर, जळलेलं काहीही न्या, तो तार गुंडाळून परत चालू करून देतो. अँटेनाच्या पाइपवर चढू शकणारा क्लबात तो एकटाच, म्हणून आम्ही सगळे त्याच्याशी फार गोड वागतो.

त्याची पहिली स्पर्धा. सकाळी आठपासून माइक घेऊन बसला होता. "सीक्यू कॉन्टेस्ट, सीक्यू कॉन्टेस्ट!" म्हणजे कोणी आहे का, कोणी आहे का. दोन तास झाले, पण पलीकडून हूं नाही की चूं नाही. शेवटी शेजारच्या बाईंनी भिंतीवरून डोकावून विचारलं, "भिया, सुबे से किसको ढूँढ रिये हो?"

दहाच्या सुमाराला बल्गेरियातल्या कोण्या भल्या माणसाने त्याला ऐकलं आणि यादीत टाकून दिलं. अर्ध्या मिनिटात सेटमधून चाळीस-पन्नास माणसं एकदम ओरडायला लागली. सगळ्यांना सोनी भियाच हवा होता!

सोनी भियाने सेट बंद केला, मेन स्विच पाडला, स्कूटर काढली आणि थेट माझ्या क्लिनिकवर आला. चेहरा पार उतरलेला.

"डॉक्टर साब, अपने से कुछ गलती हो गई."

"अरे, काय झालं?"

"मैंने तो खाली इत्ता पूछा था, कोई है क्या. भिया, सब के सब निकल आए!"

* * *

पागेकाका आमचे गुरू. एका कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये डेमॉन्स्ट्रेटर होते. आम्हा सगळ्यांना मोर्स कोड त्यांनीच शिकवला, तोही ताटावर चमचा वाजवून. सेट स्वतःच्या हाताने बांधलेला, त्याची ताकद बेताची. गच्चीवर लोखंडी पाइप आणि त्यावरून ताणलेली तार, ही अँटेना.

काकांचा एक नियम आहे, स्वतःबद्दल स्वतः सांगायचं नाही. रेडिओवर तर नाहीच नाही. "हाक मारायची," ते म्हणतात, "ज्याला ऐकू येईल तो येईल. दवंडी पिटायची नाही."

हे फक्त रेडिओपुरतं आहे असं समजू नका. लग्नानंतर अकरा वर्षांनी काकू दिवाळीची साफसफाई करत होत्या. कपाटातल्या जुन्या मफलरमधून टणकन काहीतरी पडलं. बघतात तर सुवर्णपदक! युनिव्हर्सिटीत पहिले आल्याचं, काकांचं नाव कोरलेलं.

काकू पदक घेऊन बाहेर आल्या. "हे काय आहे? अकरा वर्षांत एका शब्दाने बोलला नाहीत?"

काकांनी पेपरमधून मान वर केली. "तू विचारलं नाहीस."

* * *

एकदा इंदूरच्या लालबागच्या मैदानावर मेळा भरला होता, तिथे आम्हाला एक स्टॉल मिळाला. लोकांना हॅम रेडिओ दाखवायचा, तरुण मंडळींना गोडी लावायची, असा बेत होता. मी म्हटलं, मोठा बोर्ड लावू. काका म्हणाले, नको. टेबल आहे, सेट आहे, माइक आहे, ज्याला कुतूहल असेल तो विचारेल.

पहिल्या तासात कोणी फिरकलं नाही. मग एक बाई धापा टाकत आल्या. "भिया, हमारे ये खो गए हैं. बोल दो ना माइक पे!"

टेबल, माइक आणि मागे बसलेला गंभीर चेहऱ्याचा म्हातारा माणूस. त्यांनी आम्हाला मेळ्याचं अनाउन्समेंट केंद्र समजलं होतं! काका समजावून सांगायला गेले, की बहनजी, हा माइक वेगळा आहे, यातून आवाज जपानला जातो. बाई रडकुंडीला आल्या. "जापान कां से पहुँच जाएँगे? अभी तो झूले के पास खड़े थे!"

शेवटी सोनी भियाने मेळ्याच्या मंडपातून भोंग्याची वायर ओढून आणली. मग काय विचारता! हरवलेले नवरे, हरवलेल्या सासवा, एक डावी चप्पल, एक कवळी. कवळी माझ्याकडे सोपवली गेली. स्वतःचं नाव कधी न पुकारणारे काका संध्याकाळपर्यंत साऱ्या इंदूरची नावं पुकारत होते.

मेळा संपला तेव्हा आयोजकांनी आम्हाला स्टेजवर बोलावून प्रमाणपत्र दिलं. त्यावर लिहिलं होतं, "उत्कृष्ट उद्घोषणा सेवा हेतु." हॅम रेडिओबद्दल दिवसभरात एकाच माणसाने विचारलं. तो एफएमवर गाणं लावायला सांगत होता!

* * *

मेघना सांगलीची. विजय नगरमधल्या एका आयटी कंपनीत नोकरी करते. तिचं मराठी ऐकलं की आपण इंदूरवाले इतकी वर्षं नक्की काय बोलतोय, अशी शंका येते. आणखी एक म्हणजे ती नियम पूर्ण वाचते. आमच्यात हे कोणी करत नाही.

एका रविवारी काकांच्या घरी ती लॅपटॉप घेऊनच आली. "काका, नियम बदलला की हो! या स्पर्धेत आता स्वतःचा स्पॉट स्वतः टाकायला परवानगी दिलीय."

"परवानगी आहे?"

"लेखी आहे. हे बघा."

काकांनी चष्मा लावून सगळं वाचलं. मग चष्मा काढला. "बेटा, लग्नात नवऱ्या मुलाने स्वतःच्या डोक्यावर स्वतः अक्षता टाकल्या तर चालतं का? कोणी बंदी तर नाही घातलेली. तू कधी कोणाला टाकताना बघितलंस?"

मेघनाने लॅपटॉप मिटला. आता विषय संपला असं आम्हाला वाटलं. पण सोनी भियाला मराठी समजतं, ही त्यातली अडचण.

"हओ काका, बात तो सही है. पर दूल्हे पे तो सारे फेंकते हैं ना? आप पे तो कोई फेंक नी रिया!"

काका हसले. मला मात्र हसू आलं नाही, कारण ते खरं होतं.

शंभर देशांशी संपर्क झाला की हॅमवाल्यांना एक प्रमाणपत्र मिळतं. आमच्यात त्याला फार मान आहे. काकांचे नव्व्याण्णव झाले होते, आणि नव्व्याण्णवावा होऊनही तीन वर्षं लोटली होती. ते याबद्दल अवाक्षर काढत नसत. पण सेटशेजारच्या भिंतीवर त्यांनी एक खिळा ठोकून ठेवला होता, नुसता खिळा. आम्ही सगळे त्याच्याकडे न बघितल्यासारखं करायचो.

त्यातच काकांचा मुलगा बंगलोरहून सारखा म्हणत होता, आता दोघंही इकडे या. त्याचा फ्लॅट एकोणिसाव्या मजल्यावर आणि सोसायटीत अँटेनाला सक्त मनाई. म्हणजे शंभरावा देश व्हायचा तर तो इंदूरच्या याच गच्चीवरून!

* * *

सोनी भियाचा स्वभाव असा, की कोणाचं दुःख बघवत नाही आणि हात स्वस्थ राहत नाही. या दोन गोष्टी एका माणसात असल्या की काय होतं ते बघा.

पुढची स्पर्धा बंदीवाली होती. स्वतःला स्पॉट केलंत तर सरळ बाद. सकाळी सोनी भिया काकांकडे गेला, तेव्हा काका अंघोळीला गेले होते. टेबलावर लॅपटॉप उघडा, त्यावर यादी उघडी. सोनी भियाने विचार केला, आपण स्वतःला थोडीच स्पॉट करतोय? आपण काकांना करतोय. दुसऱ्याला करायला काय हरकत आहे!

त्याने काकांचा कॉलसाइन लिहिला, फ्रिक्वेन्सी लिहिली, आणि शेऱ्याच्या रकान्यात मन लावून लिहिलं, "व्हेरी स्ट्राँग सिग्नल, लाजवाब ऑडियो."

फक्त एकच घोळ झाला. लॅपटॉप काकांचा होता आणि लॉगिनही काकांचं. त्यामुळे साऱ्या जगाला दिसलं ते असं, की इंदूरचे पागे कळवतात, इंदूरच्या पाग्यांचा सिग्नल फार जोरदार असून आवाज लाजवाब आहे. वर ऐकायला आलेल्यांना काही ऐकूही आलं नाही, कारण लाजवाब आवाज तेव्हा न्हाणीघरात स्तोत्र म्हणत होता!

काकांनी दुपारीच आयोजकांना पत्र लिहिलं. घडला प्रकार असा असा, चूक माझ्या स्टेशनकडून झाली, माझी नोंद बाद करावी. आम्ही सगळ्यांनी विनवलं, काका, राहू द्या, एवढ्या हजारो नावांत कोण बघतंय. ऐकतील तर काका कसले.

आठवड्याने उत्तर आलं. "आपले पत्र मिळाले. सदर बाब आमच्या लक्षात आली नव्हती. आता आली आहे. आपली नोंद बाद करत आहोत. आभारी आहोत."

"बघा," काका समाधानाने म्हणाले, "किती सभ्य लोक आहेत."

सोनी भिया कोपऱ्यात मान घालून उभा होता. जाता जाता हळूच म्हणाला, "पर काका, ऑडियो तो लाजवाब ही है. मैंने झूठ कां लिखा?"

* * *

आता माझी फजिती. परवानगीवाली स्पर्धा होती आणि काकांना न सांगता मी माझा स्पॉट टाकला. होय, टाकला! माझा सेट क्लिनिकच्या मागच्या खोलीत आहे. सेट मी आवाजावर चालणारा ठेवला होता, म्हणजे माइकसमोर कोणी बोललं की बटण न दाबता प्रक्षेपण आपोआप सुरू.

स्पॉट पडला आणि गर्दी उसळली. मी बाह्या सरसावतोय, तेवढ्यात गाल सुजलेला एक पेशंट आला. रविवार असला तरी दाढ थांबत नाही. मी सगळं तसंच टाकून पुढच्या खोलीत गेलो.

मागे स्पीकरवर पन्नास माणसं कोकलत होती. आमच्या रिसेप्शनवरच्या वंदनाताई वीस वर्षं पेशंट सांभाळतायत. रांग मोडून आत घुसणारा माणूस अजून जन्माला यायचाय. त्यांना तो कालवा असह्य झाला. त्या तरातरा आत गेल्या, सेटसमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, "ए! क्या मच्छी बाजार लगा रखा है? एक-एक करके! नंबर से! डॉक्टर साब पेशंट देख रहे हैं, दस मिनट शांती से बैठो!"

सगळी फ्रिक्वेन्सी चिडीचूप. वंदनाताईंनी दार ओढून घेतलं आणि त्या परत जागेवर येऊन बसल्या.

दहा मिनिटांनी मी जाऊन बघतो तर शांतता. मला वाटलं, सगळे निघून गेले. मी घाबरत विचारलं, "पुढचा कोण?" तर एकच आवाज आला. तो झाल्यावर दुसरा. मग तिसरा. अगदी ओळीने!

त्या आठवड्यात इटलीहून एका हॅमची ईमेल आली. इतकी शिस्तबद्ध गर्दी आपण पूर्वी कधी ऐकली नव्हती, आपल्या दुसऱ्या ऑपरेटरला सलाम सांगावा, असं त्याने लिहिलं होतं.

मी निमूटपणे काकांकडे जाऊन सगळं कबूल केलं. ते भडकले. "लायसन्सशिवाय माइक?"

"काका, त्यांनी माइकला हात नाही लावला."

"तरी काय झालं! नियम म्हणजे नियम!" काका बराच वेळ येरझाऱ्या घालत राहिले. मग थांबले. "सगळे गप्प झाले?"

"सगळे."

"इटालियनसुद्धा?"

"इटालियनसुद्धा."

काका खुर्चीत बसले. "तिला परीक्षेला बसव."

* * *

सोनी भियाची सासुरवाडी इंदूरजवळच्या गौतमपुऱ्याची. एका हिवाळ्यात आम्ही त्याच्या सासऱ्यांच्या शेतात स्टेशन लावलं. शहरातली विजेची घरघर तिथे नसते, त्यामुळे ऐकू स्वच्छ येतं. काकांना आशा होती, की शंभरावा कदाचित इथे सापडेल. आम्हालाही होती.

ज्या गावचे लोक दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी एकमेकांवर हिंगोट, म्हणजे दारू भरलेली जळती फळं, फेकतात, त्यांना आमच्या दोन झाडांमधल्या तारेचं काय कौतुक असणार, असं मला वाटलं होतं. पण सासरे उत्साही. कोणाला न विचारता ते देवळात गेले आणि भोंग्यावरून गावभर सांगून आले, "इंदौर से रेडियो वाले आए हैं, जापान से बात करेंगे, सब पधारो!"

"ही तर खरीच दवंडी," काका हताशपणे म्हणाले.

साठ-सत्तर माणसं येऊन लसणाच्या वाफ्यांच्या कडेने बसली. बायका, म्हातारे, झाडून सारे. पूर्ण शांतता. काकांनी हाक मारली आणि खरोखरच जपानने उत्तर दिलं. "फाइव नाइन, ट्वेंटी टू," काका म्हणाले. म्हणजे तुमचा आवाज स्वच्छ येतोय आणि आमचा विभाग बावीस. पलीकडूनही दोन आकडे आले. "थँक यू." काकांनी लॉगमध्ये लिहिलं आणि माइक खाली ठेवला.

कोणी हललं नाही. सगळे पुढचं ऐकायला थांबले होते.

"हो गी बात?" सासऱ्यांनी विचारलं.

"हो गई."

"जापान से?"

"जापान से."

सासऱ्यांनी गावाकडे बघितलं, मग काकांकडे. "इत्ती दूर बात करी, और घर में सब ठीक है क्या, इत्ता भी नी पूछा?"

काकांना ते लागलं.  पुढचा जपानी आला तेव्हा नंबर देऊन झाल्यावर काकांनी इंग्रजीत विचारलं, "आणि घरी सगळे बरे आहेत ना?"

स्पर्धेत असं कोणी कोणाला विचारत नाही. एकेक सेकंद मोलाचा असतो.  पण तो जपानी सावकाश म्हणाला, आईचे गुडघे फार दुखतात. काकांनी ते हिंदीत सांगितलं. सगळं गाव हळहळलं. एका आजीने तर तेल सुचवलं, काकांनी तेही कळवलं!

शंभरावा देश काही मिळाला नाही. दिवसभरात संपर्क झाले एकोणीस. पण त्या एकोणिसांच्या घरची खुशाली आमच्या लॉगमध्ये आहे.

* * *

शेवटी बंगलोरचं ठरलं. सामानाचा ट्रक सोमवारी सकाळी येणार होता. त्याआधीचा शनिवार-रविवार परवानगीवाल्या स्पर्धेचा, म्हणजे काकांची या गच्चीवरची शेवटची. रविवारी दुपारी एक वाजता सोनी भियाने अँटेना उतरवायची, असंही ठरलं. मेघना, मी आणि सोनी भिया दोन्ही दिवस तिथेच होतो. बाहेरच्या खोलीत काकू डबे बांधत होत्या.

शनिवारी सकाळी काका सावकाश डायल फिरवत होते. एकदम थांबले. अगदी बारीक आवाज होता, खरखरीच्या खालून येणारा. सामोआ! पॅसिफिक महासागरातला एवढासा बेटांचा देश, आणि काकांच्या नव्व्याण्णवांत तो नव्हता. तिथला हॅम एकटाच हाका मारत होता. कोणी उत्तर देत नव्हतं. मेघनाने यादी बघितली, त्याचं नाव कुठेच नव्हतं. जगात अजून तो कोणाला सापडलाच नव्हता.

काकांनी माइककडे नाही, लॅपटॉपकडे हात नेला. ही त्यांची जुनी सवय. कोणी ऐकू आला की आधी त्याला यादीत टाकायचं, मग आपण बोलायचं.

"काका, नका टाकू!" आम्ही तिघंही ओरडलो. "आधी तुमचं होऊ द्या!"

मेघनाने तर कीबोर्डवर तळहातच ठेवला. "काका, फक्त दोन मिनिटं थांबा. मी हात जोडते."

"तो बिचारा एकटा ओरडतोय, बेटा," काका म्हणाले. "हात काढ."

तिने हात काढला. काकांनी सामोआचा स्पॉट टाकला, चष्मा नीट केला आणि माइक उचलला. तोवर अर्धं जग तिथे पोचलं होतं. काकांच्या त्या बेताच्या सेटचा आवाज त्या गर्दीत कुठल्या कुठे गेला. दोन तास ते हाका मारत होते. शेवटी तो आवाजही विरून गेला. सोनी भिया उठून गच्चीवर निघून गेला. मला काकांचा राग आला. खरंच आला. एवढ्या चांगल्या माणसाचा राग आला म्हणून स्वतःचाही आला.

रविवारी सकाळपासून सामोआ कुठेच ऐकू येईना. पाऊण वाजला. वर सोनी भियाच्या पान्याचा आवाज यायला लागला.

"बस," काका म्हणाले. "मेघना, ते यादीचं पान उघड."

तिने उघडलं. काका एका बोटाने टाइप करायला लागले. कॉलसाइनच्या जागी त्यांनी स्वतःचा कॉलसाइन लिहिला! आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"असं काय बघताय?" काका म्हणाले. "माणूस गाव सोडताना सांगून जातो. ही दवंडी नव्हे." मग त्यांनी शेरा लिहिला, "स्टेशन बंद करत आहे. इंदूर सोडतो. सर्वांचे आभार."

बटण दाबलं तर ते जाईना. फ्रिक्वेन्सीचा रकाना भरल्याशिवाय यादी काहीच स्वीकारत नाही.

"बंद करणाऱ्याला कसली फ्रिक्वेन्सी?" काका वैतागले.

"लिहावीच लागते हो काका."

"मग समोर आहे तीच टाक." सेट जिथे होता तो आकडा मेघनाने लिहिला आणि पाठवून दिला. काकांनी सेटच्या स्विचवर हात ठेवला.

तेवढ्यात स्पीकरमधून काकांचा कॉलसाइन ऐकू आला. जपान. त्याने नंबर दिला आणि वर म्हणाला, "गुड लक, सर." काकांनी एका हाताने माइक उचलला, दुसरा हात स्विचवरच. जपान संपतोय तोवर रशिया. मग बल्गेरिया, मग इटली, मग केरळमधला एक जुना मित्र. स्पर्धा ऐन रंगात असताना लोक आपली कामं सोडून तिथे येत होते. कोणी घाई करत नव्हतं. मेघना लॉग लिहीत होती आणि मधूनमधून मनगटाने डोळे पुसत होती. काकू डबा हातात तसाच धरून दारात येऊन उभ्या राहिल्या.

मग जरा पोकळी पडली आणि त्यात तो बारीक आवाज आला. "इंदूर, इंदूर. दिस इज सामोआ."

बाकीचे सगळे गप्प झाले. काकांनी माइक तोंडाजवळ नेला. काकूंनी डबा खाली ठेवला आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"फाइव नाइन," काका कसेबसे म्हणाले, "ट्वेंटी टू."

पलीकडून नंबर आला, अगदी स्पष्ट. मग तो म्हणाला, "यू आर इन द लॉग. थँक यू फॉर यस्टरडे."

मेघनाने ती ओळ लिहिली आणि पेन खाली ठेवलं.  वरून सोनी भिया हातात पाना घेऊन धावत खाली आला. "क्या हुआ? काका, उतारूँ कि नी उतारूँ?"

काकांनी माइक जागेवर ठेवला. चष्मा काढून धोतराच्या टोकाने सावकाश पुसला, परत लावला आणि आम्हा सगळ्यांकडे एकेक करून अगदी कडक नजरेने बघितलं.

"एक लक्षात ठेवा," ते म्हणाले. "मी कोणाला बोलावलं नव्हतं हं!"